दोघींपैकी थोरली

आंसेल्मने चिठ्ठ्या उलगडल्या, मोजल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजल्या. सात सभासद, सात चिठ्ठ्या. ओदिल वेराक तीन, युगेत वेराक तीन, एक कोरी. पहिल्या फेरीतही हेच झालं होतं.

आंसेल्म ब्याऐंशी वर्षांचा, निवृत्त पोस्टमन. गावमंडळात वयाने सगळ्यात मोठा म्हणून आजच्या सभेचा अध्यक्ष. कोरी चिठ्ठी त्याचीच होती, हे अठ्ठावन्न माणसांच्या वोब्रेनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. गुप्त मतदान आमच्याकडे एवढंच गुप्त.

"आता तिसरी फेरी," त्याने कायद्याचं पुस्तक नाकाशी धरलं. "तिच्यातही बरोबरी झाली तर, थांबा... तर दोन उमेदवारांपैकी जो वयाने मोठा, तो मेयर."

चीज बनवणारा गास्तों फिस्सकन हसला आणि ते हसू खोकल्यात लपवायला त्याला दोन मिनिटं लागली. ओदिल आणि युगेत जुळ्या होत्या.

जन्मनोंदीची जुनी वही काढली. सहासष्ट वर्षांपूर्वीचं पान. त्यांच्या बापाने नोंद तिसऱ्या दिवशी केली होती, आणि घरापासून कचेरीपर्यंतच्या वाटेवर तेव्हा दोन कॅफे होते, दोन्हीकडे वाइन मिळे. अक्षरं डावीकडून उजवीकडे उतरत गेली होती, पण वेळ स्पष्ट होती. युगेत, पहाटे चार. ओदिल, पहाटे चार.

"माझं नाव आधी आहे," युगेत भिंतीकडे बघत म्हणाली.

"अक्षरक्रमाने लिहिलंय, युगेतचा H आधी आणि ओदिलचा O नंतर, असं कुणीतरी तिला सांगा," ओदिल खिडकीकडे बघत म्हणाली.

आंसेल्मने उपविभागाच्या कचेरीत फोन लावला. रविवारच्या ड्युटीवर कुणी तरुण होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांची आई हयात आहे का?"

"आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांची."

"मग मला कशाला विचारताय?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

सभा तीन वाजेपर्यंत तहकूब झाली.

*

रविवारचं जेवण लेओंतीनआजीकडे, हा वेराकांचा नियम होता. दोन्ही लेकी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, तरी तो मोडला नव्हता. आज आंसेल्मलाही बोलावलं होतं, कारण कायद्याचं पुस्तक त्याच्याकडे होतं.

मायलिस, युगेतची मुलगी, मसुराच्या पातेल्यात सॉसेज सोडत होती आणि तिला मनातून पळून जावंसं वाटत होतं. आईने एका कानात सांगितलं, "तुझ्या मावशीला म्हणावं, मसुराला मीठ कमी आहे." मावशीने दुसऱ्या कानात सांगितलं, "तुझ्या आईला म्हणावं, मीठ जास्त झालं की तिलाच धाप लागते." दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या होत्या. कोपराला कोपर लागत होतं.

हे सगळं आजोबांच्या अंत्ययात्रेपासूनचं. शवपेटीमागे आधी थोरल्या लेकीने चालायचं. दोघी एकदम पुढे झाल्या आणि चर्चच्या दारात खांद्याला खांदा लागून अडकल्या. मागून रेमोंमामाने ढकलल्यावर सुटल्या. तेव्हापासून अबोला. निरोपांचं काम रेमोंमामाकडे होतं. सगळ्यात धाकटा भाऊ, बावीस वर्षं गावचा मेयर. तो दोघींमध्ये बसायचा आणि इकडचं तिकडे सांगायचा. जानेवारीत तो गेला. तेव्हापासून मेयरची खुर्ची रिकामी होती आणि निरोप मायलिसच्या गळ्यात पडले होते.

खुर्चीचा प्रश्न साधा नव्हता. खाली दरीतल्या मोंतारेल शहरात वोब्रेन विलीन करून टाकावं, असा प्रस्ताव महिनाभर टेबलावर पडून होता. ओदिलमावशी म्हणे, होऊ दे. निदान रस्त्यावरचं बर्फ तरी कुणी काढेल. आई म्हणे, मी जिवंत असेपर्यंत गावाच्या पाटीला कुणी हात लावून दाखवावा. नवा मेयर पहिली सही त्याच कागदावर करणार होता.

"आजी," मायलिसने हळूच विचारलं, "तू सांगणार आहेस ना?"

लेओंतीनआजी टेबलाच्या टोकाला बसून पावाचा तुकडा वाइनमध्ये बुडवत होती. "काय?"

"आधी कोण जन्मलं ते."

"चीज येऊ दे," आजी म्हणाली. "रिकाम्या पोटी मी असलं काही सांगत नसते."

*

फेर्नांला, म्हणजे ओदिलच्या नवऱ्याला, मसूर आवडत होते. पण आज तो ते बशीत नुसते इकडून तिकडे सरकवत होता. बायको शेजारी बसून बोटांवर हिशेब करत होती.

"माझ्याकडे मी, तुम्ही आणि गास्तों. तिकडे ती, मायलिस आणि तो डच विलेम. गास्तों जरा लेचापेचा आहे. तुम्ही त्याला गाठा. नाहीतर विलेमला गाठा. त्याला मेंढ्यांसाठी कुरण हवंय."

"हं."

"हं काय? तिसऱ्या फेरीत एक मत इकडचं तिकडे झालं की संपलं. आईला आठवलं काय, नाही काय. ऐकताय ना?"

फेर्नांने ग्लास रिकामा केला. चाळीस वर्षांच्या संसारात तो बायकोशी तीनदा खोटं बोलला होता आणि तिन्ही वेळा त्याच दिवशी पकडला गेला होता.

"ओदिल, गास्तों लेचापेचा नाही."

"मग?"

"गास्तोंने तुलाच दिलं असणार. मी... मी युगेतला दिलं."

ओदिलचा काटा बशीत पडला.

"दोन्ही वेळा," फेर्नां म्हणाला. एकदा बोलायला लागलं की त्याला थांबता येत नसे. "अगं, रेमोंच्या घरी आठव ना. जेवताना दारात माणूस, झोपताना दारात माणूस. कुणाची गाय कुणाच्या शेतात, कुणाचा कुत्रा भुंकतो. आणि आपल्या घरात एक मेयर आधीपासून आहेच की. मला दुसरा झेपायचा नाही."

आंसेल्मने मान खाली घालून पुस्तकात तोंड खुपसलं. युगेतच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आमच्याकडे 'लोण्याहून मऊ हसू' म्हणतात.

"मायलिस," ती गोड आवाजात म्हणाली, "तुझ्या मावशीला सांग, स्वतःच्या नवऱ्याचं मत ज्या बाईला मिळत नाही, तिने—"

"आई, थांब." मायलिस लाल झाली होती. "मी मावशीला दिलं."

"काय?"

"मावशीला. दोन्ही वेळा. मागच्या थंडीत शाळेची बस एकतीस दिवस आली नाही, आई. एकतीस! मी माझ्या पोरीला स्लेडवर बसवून खाली नेत होते. तुझी पाटी छान आहे, पण ती बर्फ काढत नाही."

मग आंसेल्मने पुस्तकातून डोकं वर काढलं. त्याचे ओठ हलत होते.

"म्हणजे यांचं तिकडे," तो म्हणाला, "आणि तिचं इकडे. म्हणजे हिशेब... तोच आहे."

"तीन आणि तीन," फेर्नां म्हणाला.

"तोंड बंद!" ओदिल ओरडली. त्याच क्षणी युगेतही ओरडली, "तोंड बंद!" पण मायलिसला. पुढचा अर्धा तास फेर्नां आणि मायलिस यांची जी धुलाई झाली ती दोघांनी खाली मान घालून ऐकली. शेवटी दोघांनी शपथ घेतली की या वेळी आपापल्या घरच्या उमेदवारालाच मत देऊ.

"तरीही तीन-तीनच," आंसेल्म पुटपुटला. कुणी लक्ष दिलं नाही.

"तुझी ती कोरी चिठ्ठी तरी का रे, मेल्या?" ओदिल त्याच्यावर घसरली. "तुला कुणाची भीती?"

"दोघींची," आंसेल्म प्रामाणिकपणे म्हणाला. "अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी जत्रेत मी तुमच्यातल्या एकीला लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी मी उत्तर मागायला गेलो, तर थोबाडीत बसली. मी कुणाला विचारलं आणि मला मारलं कुणी, ते अजून मला माहीत नाही. तेव्हापासून मी तुमच्या बाबतीत मत देत नाही."

*

चीज आलं. लेओंतीनने सुरीने साल बारीक कापून बाजूला केली. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. सहासष्ट वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. एकदाच पाद्रीबाबांना सांगितलं होतं. ते पडद्याआड हसले होते आणि प्रायश्चित्त म्हणून दोन प्रार्थना सांगितल्या होत्या, एक ओदिलसाठी, एक युगेतसाठी. कुठली कुणासाठी, हे विचारायचं राहून गेलं.

"आधी ओदिल आली," ती म्हणाली.

"झालं!" ओदिलने टेबलावर थाप मारली. "लिहून घे, आंसेल्म!"

युगेतने खुर्चीची पाठ धरली. लेओंतीनला तिचा चेहरा बघवेना.

"पण फिलोमेन दाई म्हणाली, मागून आलेली ती थोरली. गोठ्यात जी गाय आधी शिरते, ती आत जाऊन बसते आणि बाहेर येताना शेवटी येते. पोटातही तसंच. त्या काळी सगळे तसंच मानत. म्हणून मनातल्या मनात मी युगेतला थोरली धरलं."

"लिहून घे, आंसेल्म!" युगेत म्हणाली.

"हे गोठ्याचं कायद्यात कुठे आहे, तिला विचारा!" ओदिल किंचाळली.

आंसेल्मने पानं भराभरा उलटली. "गाईंचं आहे इथे, पण ते सार्वजनिक रस्त्यावरच्या..."

"अजून संपलेलं नाही," लेओंतीन म्हणाली. तिने सुरी खाली ठेवली. "फिलोमेनने आधी आलेल्या पोरीच्या मनगटाला लाल लोकरीचा धागा बांधला. तिला नाव ओदिल. तिसऱ्या दिवशी मी दोघींना चीजच्या मोठ्या हंड्यात आंघोळ घातली, एकदम, पाणी थोडं होतं म्हणून. आणि बघते तर धागा पाण्यावर तरंगतोय."

दोघी बहिणींनी आपापल्या मनगटांकडे पाहिलं.

"मी तुमच्या बापाला हाक मारली. तो नोंद करून नुकताच आला होता, उभं राहण्याच्या स्थितीत नव्हता. म्हणाला, कुठल्या हातावरचा? मी म्हटलं, हात चार आहेत. दोघी सारख्याच दिसत होत्या, दोघी सारख्याच रडत होत्या. शेवटी तो म्हणाला, जी आधी थांबेल ती ओदिल. जी आधी थांबली तिच्या हाताला मी धागा बांधला." तिने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "तू ओदिल असशील. किंवा तू. मला माहीत नाही ग पोरींनो. मी फार शोधलं, तीळ शोधले, काही नव्हतं. दर वाढदिवसाला मी तुम्हा दोघींना दोन-दोन नावांनी आशीर्वाद देते, चुकायला नको म्हणून."

फेर्नांने नकळत आपल्या बायकोकडे असं पाहिलं की तिने त्याला कोपराने ढोसलं.

युगेत उभी राहिली. ती अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ ओदिलच्या डोळ्यांत बघत होती.

"म्हणजे अकरा वर्षं," ती म्हणाली, "मी स्वतःशीच बोलत नव्हते की काय?"

*

तिसरी फेरी सव्वातीनला झाली. ओदिल तीन, युगेत तीन, एक कोरी. या वेळी मात्र कुणी कुणाला दिलं, ते कुणालाच सांगता येईना. युगेतला इतकंच ठाऊक होतं की चिठ्ठीवर नाव लिहायच्या आधी तिची पेन्सिल बराच वेळ थांबली होती, आणि शेवटी तिने 'ओदिल' लिहिलं होतं. समोरच्या बाकावर ओदिलनेही लिहिता लिहिता थांबून, जीभ दातांत धरून काहीतरी लिहिलं होतं.

"आता मी काय करू?" आंसेल्म रडकुंडीला आला. "कायदा म्हणतो थोरली. आई म्हणते माहीत नाही."

"पाच मिनिटं द्या," युगेत म्हणाली आणि बाहेर पडली. तिच्या मागून पावलं आली, ती कुणाची हे मागे न बघताही तिला कळलं.

बाहेरच्या अरुंद मार्गिकेत जुन्या मेयरांचे फोटो लावलेले होते. आजोबा, वडील आणि सगळ्यात शेवटी रेमों, खांद्यावरून मेयरचा तिरंगी पट्टा घालून, पोट आत घेऊन. ओदिलने तोंड उघडलं आणि सवयीने इकडेतिकडे पाहिलं.

"इथे कुणी नाही," युगेत म्हणाली. "मलाच सांगावं लागेल."

ओदिलने रेमोंच्या फोटोकडे पाहिलं. "दोन तास चाळीस मिनिटं," ती म्हणाली. "रुग्णवाहिकेला वर यायला. मी घड्याळ बघत होते. म्हणून मला मोंतारेल हवंय. माझं त्यांच्यावरचं प्रेम नाही उतू जात."

"मला ठाऊक आहे. मीही तिथेच होते."

"तू उशापाशी, मी पायांपाशी."

"हो."

"त्याला श्वास लागला होता. उशी खाली सरकली होती. तुला दिसत नव्हती, मला दिसत होती." ओदिलचा आवाज फाटला. "आणि मी त्याला म्हटलं... त्याला म्हटलं, युगेतला सांग, उशी वर कर."

युगेतने भिंतीला हात टेकला.

"आणि त्याने सांगितलं," ती म्हणाली. "'युगेत, उशी वर कर.' मग काही बोललाच नाही. बावीस वर्षं मेयर होता, आणि शेवटचं काय बोलला, तर तुझा निरोप."

"मला थेट सांगता आलं असतं ग."

"मलाही थेट बघता आलं असतं."

मग दोघी रडल्या. जानेवारीत दोघींनी वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या दारांमागे रडून घेतलं होतं. त्याला काही अर्थ नव्हता, हे आता कळत होतं. युगेतने बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. खांदा हाडकुळा होता, तिच्या स्वतःच्या खांद्यासारखाच. काचेच्या दारातून सगळं मंडळ बघतंय, हे दोघींना दिसत होतं आणि त्याची कुणाला पर्वा नव्हती.

युगेतने आधी नाक पुसलं. ओदिल आणखी थोडा वेळ हुंदके देत राहिली, मग एकाएकी थांबून बहिणीकडे निरखून बघायला लागली.

"काय?" युगेत म्हणाली.

"तू आधी थांबलीस."

"मग?"

"म्हणजे ओदिल तू."

युगेत हसायच्या बेतात होती, पण ओदिलचा चेहरा अगदी गंभीर होता. त्या गंभीरपणावर मात्र तिला हसू आवरेना, आणि मग ओदिललाही.

दोघी आत आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि हातात हात होता. विलेमने आदराने टोपी काढली.

"ठरलं," ओदिल म्हणाली. "लिही, आंसेल्म. समसमान मतं पडल्यामुळे दोघींपैकी जी थोरली, ती निवडून आली."

"नाव?"

"वेराक."

"दोघीही वेराकच आहात! पहिलं नाव?"

"कायद्यात काय लिहिलंय?" युगेतने विचारलं. "थोरली निवडून येते, एवढंच ना? मग थोरलीच निवडून आली. कायद्यापेक्षा जास्त आपण कशाला लिहायचं?"

आंसेल्मने कायद्याचं पान वाचलं. पुन्हा वाचलं. खरोखर तेवढंच लिहिलं होतं. त्याने पेन उचललं, आणि वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, कुणालाही न दुखावता, वोब्रेनच्या मेयरची निवड इतिवृत्तात नोंदवली. सही करताना त्याच्या कपाळावरची शीर पहिल्यांदा सैल झाली.

*

सोमवारी सकाळी कचेरीची किल्ली मायलिसकडे होती. नऊच्या ठोक्याला फोन वाजला. उपविभागातून कुणी बाई बोलत होत्या, कालच्या तरुणापेक्षा बऱ्याच वरच्या हुद्द्याच्या.

"तुमचं इतिवृत्त मिळालं. छान आहे. फक्त एक गोष्ट. निवडून आलेल्या मेयरचं पूर्ण नाव कुठेच दिसत नाही."

मायलिसने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कारंज्यापाशी आई आणि मावशी समोरासमोर उभ्या होत्या. एकीने पट्टा घातला होता, आणि दुसरी तो तिच्या खांद्यावरून ओढून सरळ करत होती, की काढून घेत होती, ते इथून कळत नव्हतं. दोघी तावातावाने बोलत होत्या. आवाज काचेतून वर येत होता.

"आधी बर्फाची गाडी! मोंतारेलला म्हणावं, भाड्याने द्या, गाव देत नाही!"

"फुकट नाही द्यायचे ते! आणि तू जाऊन बोलू नकोस, तू बोललीस की भांडण होतं!"

"तू बोल मग! तुला कुणी अडवलंय?"

"तूच अडवतेयस! केव्हापासून मध्ये मध्ये बोलतेयस!"

गास्तों दूधगाडी थांबवून बघत होता. फेर्नां लांबच्या बाकावर बसला होता, आणि कुणी त्याच्याकडे काहीही मागत नव्हतं.

मध्ये कुणी नव्हतं. कुणीच कुणाला काही पोचवत नव्हतं.

"हॅलो?" फोनमधला आवाज म्हणाला. "मेयरशी बोलता येईल का?"

"मॅडम जरा बोलतायत," मायलिस म्हणाली. "वेळ लागेल. अकरा वर्षांचं साचलंय."